सामान्यांचा संगणक

प्रस्तावना

संगणक ही आता केवळ कार्यालयात दिसणारी वस्तू राहिलेली नाही. परीक्षेचा अर्ज, प्रवेशपत्र, निकाल, नोकरीची जाहिरात, सातबाऱ्याचा उतारा या सर्वांची वाट आज संगणकातून जाते. यातील बरेच काही भ्रमणध्वनीवरही होते, हे खरे. परंतु चार पानांचा मजकूर लिहिणे, हिशेबाचा तक्ता मांडणे किंवा टंकलेखनाचा सराव करणे ही कामे तळहाताएवढ्या पडद्यावर करू पाहणारा मनुष्य लवकरच थकतो. मग घरात विषय निघतो की, एखादा लहानसा लॅपटॉप घ्यावा का? आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा प्रश्न उभा राहतो : कमी पैशांत जो मिळतो, तो खरोखर कामाचा असतो का?

या प्रश्नाला आपल्या देशात पाव शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे आणि त्या इतिहासाचे पहिले पान बंगळुरू शहरात लिहिले गेले. प्रस्तुत पाठात आपण आधी ते पान वाचणार आहोत आणि नंतर प्रत्यक्ष निवडीकडे वळणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर तुम्ही सिंप्युटर या उपकरणामागील विचार आपल्या शब्दांत सांगू शकाल. ‘मुक्त’ आणि ‘मोफत’ या शब्दांतील भेद उदाहरण देऊन स्पष्ट करू शकाल. अल्प खर्चात लॅपटॉप निवडताना काय पारखावे, हे ठरवू शकाल. तसेच माहितीपर लेखनातील वस्तुस्थिती आणि लेखकाचे मत वेगवेगळे ओळखू शकाल.

मूळ पाठ

बंगळुरूचा सिंप्युटर

ऑक्टोबर १९९८ मध्ये बंगळुरू येथे विकसनशील देशांतील माहिती तंत्रज्ञानाविषयी एक आंतरराष्ट्रीय परिसंवाद भरला होता. त्या काळी संगणक म्हणजे टेबलावरचा अवजड संच, त्याला अखंड वीज हवी आणि वापरणाऱ्याला इंग्रजी यायला हवे, अशी स्थिती होती. ज्याच्या घरी वीज दिवसातून काही तासच येते आणि ज्याला आपली भाषादेखील नीट वाचता येत नाही, त्याच्यासाठी या यंत्रात काय आहे? परिसंवादाच्या निमित्ताने एकत्र आलेल्या काही प्राध्यापकांना आणि अभियंत्यांना या प्रश्नाने स्वस्थ बसू दिले नाही. भारतीय विज्ञान संस्थेतील विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन व व्ही. विनय हे प्राध्यापक आणि बंगळुरूच्याच एन्कोअर सॉफ्टवेअर या कंपनीतील विनय देशपांडे, मार्क मथायस व शशांक गर्ग अशा सात जणांनी १९९९ साली ‘सिंप्युटर ट्रस्ट’ स्थापन केला. साधा, स्वस्त, बहुभाषी आणि लोकांचा संगणक असा या नावाचा आशय होता.

एप्रिल २००१ मध्ये त्यांनी पहिला नमुना जनतेसमोर ठेवला. हातात मावणारे हे यंत्र तीन लहान बॅटऱ्यांवर चालत असे. त्याला कळफलक नव्हता. पडद्यावरील चित्रांना लेखणीने स्पर्श करून काम करायचे होते. पडदा एकरंगी होता. किंमत नऊ हजार रुपयांच्या आसपास ठेवण्याचे उद्दिष्ट होते आणि ते साधावे म्हणून यंत्रात लिनक्स ही मुक्तस्रोत कार्यप्रणाली बसवलेली होती. कार्यप्रणाली, म्हणजेच ऑपरेटिंग सिस्टिम, हा संगणकाचा कारभारी होय. पडदा, कळफलक, स्मृती आणि निरनिराळी कामे करणारे प्रोग्रॅम यांचा मेळ तीच घालते. हा कारभारी विकत घ्यायचा तर त्याचा मेहनताना प्रत्येक यंत्राच्या किमतीत मिळवावा लागतो. मुक्तस्रोत प्रणालीत तो वाचतो.

सिंप्युटरची दोन वैशिष्ट्ये आजही विचार करायला लावतात. पहिले म्हणजे तो बोलत असे. पडद्यावरील भारतीय भाषेतील मजकूर उच्चारून दाखवणारा प्रोग्रॅम त्यासाठी तयार करण्यात आला होता. अक्षरओळख नसलेल्या माणसालाही माहिती कानाने मिळावी, हा त्यामागील हेतू. दुसरे वैशिष्ट्य अधिक धाडसाचे होते. एक यंत्र एकाच्याच मालकीचे असावे, हे या मंडळींनी गृहीत धरले नाही. यंत्रात स्मार्ट कार्ड घालण्यासाठी खाच ठेवलेली होती. गावात एक सिंप्युटर असावा, तो पंचायतीत, शाळेत किंवा दुकानात ठेवावा, ज्याला काम असेल त्याने आपले कार्ड घालून आपली माहिती उघडावी आणि काम होताच कार्ड खिशात घालून घरी जावे, अशी ती कल्पना होती. गावच्या विहिरीवर प्रत्येकाने आपला दोर घेऊन जावा, तसेच काहीसे.

या यंत्राचे जगभर कौतुक झाले. मात्र कौतुकाने वस्तू खपत नाही. संस्थेतील प्राध्यापकांनी उभारलेल्या पिकोपेटा या कंपनीने आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या सार्वजनिक उपक्रमाने मिळून एप्रिल २००४ मध्ये ‘अमिडा सिंप्युटर’ बाजारात आणला. त्याच्या सर्वांत साध्या प्रकाराची किंमत ९,९५० रुपये होती आणि रंगीत पडद्याचा प्रकार त्याच्या जवळजवळ दुप्पट होता. पहिल्या वर्षात ५०,००० यंत्रे विकली जावीत, अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात सुमारे ४,००० विकली गेली. कर्नाटकात जमिनीच्या नोंदींच्या कामासाठी आणि वाहतूक पोलिसांच्या दंडपावत्यांसाठी त्याचा वापर झाला. तथापि ज्या खेडुतासाठी तो घडवला होता, त्याच्या हाती तो फारसा पोहोचलाच नाही.

असे का झाले? कारणे अनेक सांगता येतील. प्रस्तुत लेखकाच्या मते त्यांतील मोठे कारण भ्रमणध्वनी हे आहे. मे २००३ पासून भारतात येणाऱ्या कॉलचे पैसे द्यावे लागेनासे झाले, त्याच वर्षी ५०१ रुपये भरून भ्रमणध्वनी घरी नेण्याची योजनाही आली. दहा हजारांच्या यंत्राने आपले काय काम होणार, हे शेतकऱ्याला समजावून सांगावे लागत होते. फोनने काय होते, हे कोणालाच समजावून सांगावे लागले नाही. शिवाय किंमत कमी व्हायची तर यंत्रे लाखांच्या संख्येने तयार व्हायला हवीत आणि लाखांनी ती तेव्हाच तयार होतात, जेव्हा कोणीतरी आगाऊ मोठी मागणी नोंदवतो. तशी मागणी शासनाकडून आली नाही.

तरीही एक गोष्ट टिकली आणि ती या पाठाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. सिंप्युटरसाठी लिहिलेला तो बोलणारा प्रोग्रॅम ‘ध्वनी’ या नावाने मुक्त परवान्याखाली खुला होता. यंत्र बंद पडले, पण प्रोग्रॅम इतरांनी पुढे चालवला, त्यात नव्या भाषांची भर घातली आणि त्या भाषांत मराठीही होती. बंद स्रोताचा प्रोग्रॅम असता, तर कंपनीबरोबर तोही कुलूपबंद झाला असता.

पाठगत प्रश्न १

योग्य पर्याय निवडा. सिंप्युटरमध्ये स्मार्ट कार्डाची सोय कशासाठी होती?
(अ) बॅटरी वाचवण्यासाठी (आ) एकच यंत्र अनेकांना वापरता यावे म्हणून (इ) यंत्राची चोरी होऊ नये म्हणून

‘मुक्त’ आणि ‘मोफत’

इंग्रजीत या दोन्ही अर्थांसाठी एकच शब्द आहे आणि त्यामुळे तेथे बराच घोटाळा होतो. आपल्या मराठीला ही अडचण नाही. धर्मशाळेत मिळते ते मोफत. पिंजऱ्यातून सुटतो तो मुक्त. मुक्तस्रोत प्रोग्रॅम कसा लिहिला आहे, हे कोणालाही पाहता येते, तो बदलता येतो, त्याच्या प्रती काढून इतरांना देता येतात. तो बहुधा मोफतही मिळतो, पण ती त्याची व्याख्या नव्हे. पाककृतीचे उदाहरण घ्या. हॉटेलातील भाजी आपण खातो, परंतु तिच्या मसाल्याचे प्रमाण आपल्याला कोणी सांगत नाही. शेजारच्या काकू मात्र कृती लिहून देतात. आपण त्यात तिखट कमी करतो, कोथिंबीर वाढवतो आणि ती कृती पुढे बहिणीला देतो.

अमेरिकेत रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली मुक्त कार्यप्रणाली उभारण्याचा संकल्प जाहीर केला. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉरवल्ड्स या विद्यार्थ्याने तिचा गाभा ठरू शकेल असा प्रोग्रॅम लिहून सर्वांसमोर ठेवला. या दोन्हींच्या मिलाफातून आज आपण ज्याला लिनक्स म्हणतो ती प्रणाली सिद्ध झाली. तिची अनेक रूपे आहेत. उबुंटू, मिंट, डेबियन ही त्यांपैकी परिचित नावे. आपल्या सी-डॅक या संस्थेनेही ‘बॉस’ नावाचे भारतीय रूप २००७ साली प्रसिद्ध केले. केरळातील सरकारी शाळांमध्ये तर संगणकाचे शिक्षणच मुक्तस्रोत प्रणालीवर दिले जाते.

पडदा मोठा झाला, कळफलक आला

सिंप्युटरनंतरचा प्रवास थोडक्यात पाहू. एन्कोअर कंपनीने मे २००५ मध्ये ‘मोबिलिस’ हा लिनक्सवर चालणारा मोठ्या पडद्याचा छोटा संगणक सादर केला. त्याच वर्षी अमेरिकेतील निकोलस निग्रोपॉन्टी यांनी शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना मांडली. मुलामागे एक लॅपटॉप ही त्यांची योजना भारताच्या मानव संसाधन विकास मंत्रालयाने २००६ साली नाकारली. चमकदार साधनांपेक्षा वर्गखोल्या आणि शिक्षक यांची निकड अधिक आहे, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. तरीसुद्धा २००७ साली महाराष्ट्रात, रायगड जिल्ह्यातील खैरात या लहानशा गावाच्या एकशिक्षकी शाळेत हे हिरव्या-पांढऱ्या रंगाचे लॅपटॉप प्रायोगिक तत्त्वावर देण्यात आले. शाळेत मुले होती अवघी बावीस. प्रत्यक्षात त्या लॅपटॉपची किंमत शंभर डॉलरवर कधीच उतरली नाही. उत्पादन सुरू झाले तेव्हा ती दुपटीच्या जवळ होती.

२००७ सालीच असुस कंपनीचा ‘ई पीसी’ आला. सात इंचांचा पडदा, एक किलोहून कमी वजन आणि आत लिनक्स. या लहान लॅपटॉपांना काही वर्षे जगभर मोठी मागणी होती. पुढे टॅब्लेट आले आणि हा प्रकार मागे पडला. मात्र लहान, स्वस्त लॅपटॉप हवा असणारी माणसे मागे पडली नाहीत. ती आजही दुकानाच्या पायऱ्या चढतात.

एक खरेदी

समजा, मूळची बेळगावकडची एक स्त्री बंगळुरूच्या पीण्या औद्योगिक वसाहतीत कपड्यांच्या कारखान्यात काम करते. सुटलेले शिक्षण तिने मुक्त विद्यालयातून पुन्हा सुरू केले आहे. बारावी झाल्यावर कारखान्याच्या लेखा विभागात जावे, अशी तिची इच्छा आहे. दोन वर्षांत तिने २०,००० रुपये साठवले आहेत. एका रविवारी ती जुन्या बंगळुरूतील सदर पत्रप्पा रस्त्यावर, म्हणजे सर्वजण ज्याला एस. पी. रोड म्हणतात त्या संगणकांच्या बाजारात जाते. दुकानदार तिच्यापुढे दोन लॅपटॉप ठेवतो. पहिला नवा कोरा, पातळ, चकचकीत. त्यात ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी साठवण आहे. दुसरा एखाद्या कार्यालयातून सेवा संपवून आलेला, किंचित जाड, कोपऱ्यावर ओरखडा असलेला. त्यात ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी आहे. किंमत जवळपास सारखीच. तिने कोणता घ्यावा?

रॅम आणि साठवण यांतील फरक आधी समजून घेऊ. स्वयंपाकघरातील ओटा म्हणजे रॅम आणि फडताळ म्हणजे साठवण. फडताळ मोठे असले, पण ओटा वीतभरच असला, तर पोळ्या लाटताना भाजी चिरता येत नाही. आजची संकेतस्थळेच इतका ओटा व्यापतात की, ४ जीबीमध्ये दोन-चार पाने उघडली तरी यंत्र धापा टाकू लागते. लिनक्सची काही हलकी रूपे तेवढ्यात चालतात, हे खरे. पण कारभारी कितीही काटकसरी असला, तरी संकेतस्थळे काटकसरी होत नाहीत. त्यातच अतिस्वस्त नव्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुधा मुख्य पट्टीलाच डाख देऊन पक्की केलेली असते आणि साठवणही ईएमएमसी या मंद प्रकारची, तशीच पक्की असते. म्हणजे उद्या पैसे आले तरी वाढवता येत नाही. कार्यालयातून आलेल्या जुन्या यंत्रांत मागचे झाकण काढून रॅम आणि एसएसडी बदलण्याची सोय पुष्कळदा असते. अर्थात यालाही अपवाद आहेत, तेव्हा तो विशिष्ट नमुना दुकानदाराला विचारूनच घ्यावा.

जुनी चांगली यंत्रे आज बाजारात येण्यास आणखी एक कारण घडले. विंडोज १० या प्रणालीचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ साठी जी किमान अट आहे, ती पूर्ण न करणारी कितीतरी धडधाकट यंत्रे एका दिवसात ‘कालबाह्य’ ठरली. लिनक्सला ती अट नाही. ज्यांना आपण भंगार म्हणून निरोप देतो, त्यांतील अनेक यंत्रे लिनक्सवर आणखी काही वर्षे मुकाट्याने काम करू शकतात.

यंत्र दुकानातच पारखून घेण्याची एक उत्तम सोय मुक्तस्रोत प्रणालीत आहे. लिनक्स पेन ड्राइव्हवर भरून नेता येते आणि लॅपटॉपमध्ये काहीही न बसवता, त्यातील काहीही न पुसता, ती थेट पेन ड्राइव्हवरून चालवता येते. अशी चालवून वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, हे पाहावे. वाय-फायचा विशेष आग्रह धरावा; लिनक्सशी न जुळणारा भाग निघाला, तर तो बहुधा हाच असतो. झाकण मिटून यंत्र झोपू द्यावे आणि उघडल्यावर ते नीट जागे होते का, तेही तपासावे. कळफलकाची प्रत्येक कळ एकदा दाबावी. बॅटरी जुन्या यंत्रात थकलेलीच असणार, म्हणून नवी बॅटरी मिळते का आणि केवढ्याला, हे विचारून तेवढी रक्कम किमतीत मिळवूनच तुलना करावी. हे सारे करू न देणाऱ्या दुकानातून जुने यंत्र घेऊ नये.

मराठीची पारख वेगळी. वऱ्हाड, सुऱ्या, वाङ्मय, ॲप, कृष्ण हे शब्द टंकून पाहावेत. अर्धा र आणि जोडाक्षरे पडद्यावर जशी हवीत तशी उमटली, म्हणजे त्या यंत्रावर मराठी निर्धास्त लिहिता येईल. टंकलेखनासाठी इन्स्क्रिप्ट हा कळफलक शिकणे हितावह आहे. तो शासनमान्य आहे, विंडोज आणि लिनक्स दोन्हींत तोच असतो आणि कन्नड लिहिण्यासाठीही त्यातील अक्षरांच्या जागा त्याच राहतात. बंगळुरूत राहणाऱ्या मराठी माणसाला हा लाभ लहान नाही!

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. मुक्तस्रोताचे भक्त ती सांगायला अनेकदा विसरतात. काही टंकलेखन परीक्षांचे आणि कार्यालयांचे प्रोग्रॅम केवळ विंडोजवर चालतात. युनिकोड रुळण्यापूर्वीच्या फाँटमध्ये लिहिलेले जुने मराठी दस्तऐवज तो फाँट नसलेल्या यंत्रावर उघडले, तर अगम्य चिन्हांचा ढीग दिसतो. लेखा विभागात वापरला जाणारा प्रोग्रॅम लिनक्सवर चालेलच असे नाही. लिब्रे ऑफिस हा मुक्त प्रोग्रॅम पत्रे आणि तक्ते उत्तम करतो. तरी दुसऱ्याने पाठवलेल्या गुंतागुंतीच्या फाइलची मांडणी त्यात कधीकधी विस्कटते. म्हणून वरील उदाहरणातील स्त्रीने एस. पी. रोडला जाण्याआधी कारखान्याच्या लेखा विभागात जाऊन एक प्रश्न विचारणे आवश्यक आहे : “तुमच्याकडे हिशेब कशावर ठेवतात?” उत्तर ब्राउझरमधून चालणाऱ्या प्रोग्रॅमचे आले, तर ओरखड्याचा लॅपटॉप तिने निःशंक घ्यावा. उत्तर केवळ विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रॅमचे आले, तर तिला विंडोजचा परवाना असलेलेच यंत्र पाहावे लागेल आणि मग २०,००० रुपयांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

पाठगत प्रश्न २

रिकाम्या जागा भरा.
(अ) स्वयंपाकघराच्या उदाहरणात ओटा म्हणजे ______ आणि फडताळ म्हणजे ______.
(आ) लिनक्स लॅपटॉपमध्ये न बसवता ______ वरून चालवून पाहता येते.

शब्दार्थ

कार्यप्रणाली – संगणकाचे सर्व भाग व प्रोग्रॅम यांचा कारभार पाहणारा मूलभूत प्रोग्रॅम
मुक्तस्रोत – ज्याची घडण सर्वांना पाहता व बदलता येते असा
डाख देणे – धातू वितळवून जोड पक्का करणे
फडताळ – भिंतीतील कपाट
निर्धास्त – काळजी न करता
कालबाह्य – काळाच्या मागे पडलेले

पाठान्त प्रश्न

१. सिंप्युटर अपेक्षेप्रमाणे खपला नाही, याची पाठात दिलेली कारणे सांगा. त्यांपैकी लेखकाचे मत कोणते आणि वस्तुस्थिती कोणती, ते वेगळे करा.

२. ‘यंत्र बंद पडले, पण प्रोग्रॅम इतरांनी पुढे चालवला’ या विधानाच्या आधारे मुक्तस्रोताचे महत्त्व स्पष्ट करा.

३. २००६ साली मंत्रालयाने घेतलेली भूमिका तुम्हाला पटते का? शंभर शब्दांत सकारण लिहा.

४. तुमच्या घरासाठी लॅपटॉप घ्यायचा आहे, असे समजा. कोणती कामे करायची आहेत त्यांची प्रथम नोंद करा आणि त्यावरून दुकानदाराला विचारायचे पाच प्रश्न तयार करा.

५. ‘मुक्त’ व ‘मोफत’ यांप्रमाणे अर्थाने जवळचे, परंतु भिन्न असलेल्या मराठी शब्दांच्या तीन जोड्या शोधा आणि त्यांचा वाक्यांत उपयोग करा.